माह्याच फळ्यावर माही माती

कोपऱ्यावरचं घर कोणी फुकट देत असंन तरी घेऊ नका, हे मी अनुभवानं सांगून राहिलो. वाडीत अमरावती रोडले लागून आमची गल्ली, अन् गल्लीच्या तोंडावर माहं घर. येणारा-जाणारा खिडकीतून मुंडकं घाले अन् निरोप टाकून जाये. "रुपराव, नळ आज संध्याकाळी येणार आहे, साऱ्याइले सांगून देजा." "रुपराव, रुखमाबाईची म्हैस गोडाऊनमांगे फिरून राहिली." मी हिंगण्याच्या कारखान्यात लाकडाच्या पेट्या ठोकणारा माणूस, चौथी नापास. माह्या डोक्यात एका वेळी एकच निरोप मावते, अन् तो बी बायकोचा. म्हशीचा निरोप नळवाल्याइले अन् नळाचा म्हशीवालीले गेला का शिव्या मलेच.

म्हणून एका रविवारी म्हटलं, ज्याचं बोलणं त्यानंच लिहून ठेवावं. आपल्याले मधात भोंगा बनाची गरज नाही.

कारखान्यात पेट्याइचं उरलेलं लाकूड घरी नेऊ देत. त्याचे दोन उभे खांब केले, दोन्हीले आतून खाच पाडली, अन् खाचेत मावतीन अशा हातभर लांब पट्ट्या कापून काळा रंग देला. खडूनं पट्टीवर लिहायचं अन् वरून खाचेत घालून दाबायची. नवीन पट्टी वर बसली का बाकीच्या एक-एक घर खाली सरकत. सगळ्यात खालची पट्टी तिले अडवणाऱ्या लाकडी खिट्टीवरून सुटे अन् तेलाच्या रिकाम्या पिप्यात ठण्ण करून पडे. पिप्यातली पट्टी घ्या, ओल्या फडक्यानं पुसा, नवीन लिहा, वरून घाला. ताजी गोष्ट वर, शिळी खाली, अन् नासलेली पिप्यात. झालं! एवढंच यंत्र. तेल नाही, इंजन नाही, नोकर नाही.

आमच्या बाजूले गोपाळराव राहत. सरकारी हपिसात बाबू. जगात कोणतीही वस्तू नवीन आली का तिच्यात काय चुकलं हे सांगाची जबाबदारी सरकारनं त्याइच्यावर टाकली होती. चष्मा वर करून फळा पाह्यला अन् म्हणे, "रुपराव, उत्तर वर अन् प्रश्न खाली? हे कोणत्या शाळेत शिकवते गा?"

"ज्या शाळेत मी गेलो नाही त्या," म्हटलं.

"अन् याले कुलूप कुठी आहे? कोणीही येईल, काहीही लिहीन."

"कोणीही यावं म्हणूनच तं केला ना बाप्पा! कुलूप लावून बोलाचं असंन तं घरात बायको आहे."

आतून बायकोचा, जयवंताचा, आवाज आला, "काय म्हटलं?" मी म्हटलं, "काही नाही वं, फळ्याचं चालू आहे."

आठ-पंधरा दिवसात गल्लीले याड लागलं. रुखमाबाईनं लिहिलं, 'माही पितळेची परात कोणाच्या घरी आहे?' वरच्या पट्टीवर कोणीतरी लिहिलं, 'ज्याच्या घरी आहे तो पोळ्या खाऊन राहिला.' तिच्या वर रुखमाबाईची पट्टी, 'त्याले पचणार नाही.' लोक सकाळी दात घासत-घासत फळ्यासमोर उभे राहत. ट्रकवाले गाडी हळू करून वाचत. ट्रक हळू झाला का मांगची रांग हळू होये, अन् रांगेतला शेवटचा माणूस उतरून विचारे, "अॅक्सिडेंट झाला का?"

मंग एक साहेब जीपमधून उतरले. म्हणे, रस्त्याच्या कडेले हे काय बांधलं? परवानगी कुठी आहे? मी म्हटलं, साहेब, फळा आहे. ते म्हणे, जाहिरातीचा असंन तं कर लागते, शाळेचा असंन तं शाळा दाखवा, कोणाचाच नसंन तं उपटून टाका. येत्या मंगळवारी पाह्याले येतो.

गोपाळराव इथे मात्र कामी आले. गल्लीत त्याइचा सल्ला कधी कामी आल्याचं कोणाच्या ध्यानात नव्हतं, म्हणून मी मुद्दाम सांगतो. म्हणे, "रुपराव, या देशात उपटत नाहीत अशी एकच वस्तू आहे. शेंदूर आण."

सोमवारी आम्ही फळ्याच्या कपाळाले शेंदूर लावला, नारळ फोडला, जास्वंदीचा हार घातला. मंगळवारी साहेब आले, पाह्यलं, इकडेतिकडे पाह्यलं, चपला काढल्या, हात जोडले अन् जीपमध्ये बसून गेले. आम्ही हसून-हसून लोळलो. पण शेंदराचं असं आहे का तो लावता येते, पुसता येत नाही. बायाइनं उदबत्ती लावणं सुरू केलं. पिप्यात पैसे पडू लागले, ते मी ज्याचे त्याले वापस करू-करू थकलो. अन् लोकाइच्या मनात बसून गेलं, का या फळ्यावर कोणी खोटं लिहीत नाही. म्हशीवाली बाई सुद्धा शपथ घेऊन सांगे, "फळ्यावर आलं आहे, मंग खरंच आहे." हे ध्यानात ठेवा. पुढे याच शेंदरानं मले मारलं.

फळ्याचं माप मागाले लोक येऊ लागले. गोपाळराव म्हणे, माप देऊ नको, पेटंट घे. म्हटलं, दोन खांब अन् एक खिट्टी, त्याच्यात लपवाचं काय आहे? ज्याले पाहिजे त्यानं सुतळीनं मोजून न्यावं, फक्त काही सुधारणा केली तं मले येऊन दाखवावी. माही इस्टेट कारखान्याच्या भंगारात पडली आहे, कोणीही न्यावी. असे फळे गोंडखैरीले झाले, बाजारगावले झाले. जयवंताचा भाऊ चंपतराव अमरावती रोडवर ट्रक चालवे. त्यानं नवीनच खटाटोप काढला. सकाळी आमचा फळा वाचे, अन् कामाची पट्टी ध्यानात ठेवून पुढच्या फळ्यावर लिहून दे. वाडीच्या म्हशीची बातमी कोंढाळीले पोचू लागली. म्हैस कधी पोचली नाही, ही गोष्ट अलग.

कोंढाळीचा फळा महादेवरावनं केला होता. अन् आता मूळ दुखणं सांगतो, कारण त्याच्यापुढे फळा-बिळा काहीच नाही.

महादेवराव म्हणजे माह्या पोरीले, नीलाले, पाह्याले आले होते ते. संत्र्याचा बगीचा, पिळाच्या मिशा, अन् पोरगा श्रीधर, शाळेत मास्तर. पोट्टी पाहून झाली, पोहे खाऊन झाले, जाता-जाता महादेवराव फळ्यापाशी थांबले. सुतळीनं माप घेऊन गेले, पण होकार देऊन गेले नाही. त्यालेही आता दिवाळी उलटून गेली होती. चंपतरावले पाठवलं का निरोप येये, "विचार चालू आहे." असा कोणता विचार गा? एवढ्या विचारात तं माणूस वकील होते.

पोट्टीले पोट्टा पसंत होता. कोंढाळीकडून ट्रकचा भोंगा ऐकू आला का ती अंगण झाडाले निघे. दिवसभर इतकं अंगण झाडलं का आमच्या घरासमोर माती राह्यली नाही, खालचा मुरूम दिसू लागला. मी बाप. मले रोज तो मुरूम दिसे.

तं अशा वेळी फळा अटकला. हवा दमट झाली, लाकूड फुगलं, पट्ट्या सरकेना. मी शिडी लावून वर चढलो का खाली सल्ला द्यायले गल्ली जमा होये. एक म्हणे साबण लावा. साबण लावला, तं रात्रीच्या दवानं फेस आला, देवाले कोप झाला म्हणून बाया हात जोडू लागल्या. चंपतरावनं ट्रकचं ग्रीस देलं. ग्रीसनं पट्टी सरकली, पण रुखमाबाईच्या लुगड्याचा काठ काळा झाला, अन् परातीचं प्रकरण पुन्हा नव्यानं सुरू झालं. शेवटी गोपाळराव म्हणे, "चरबी लाव गा. आमच्या आज्यानं बैलबंडीच्या आसाले चरबीच लावली, जन्मभर कुरकुरली नाही."

"बंडी?"

"आजी."

लावली चरबी. पट्ट्या लोण्यावानी सरकू लागल्या. मी खूश. अन् वाडीतले सारे कावळे त्याच्यापेक्षा खूश.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीले जायच्या आधी मी शिडीवर चढून खाचेतली चरबी पुसून राहिलो होतो. टोपी घरात राह्यली होती. एक कावळा आला. त्याले फळ्यावर बसाचं होतं का माह्या टकलावर, हे मी कसं सांगू? दोन्ही चकाचकच होते. बसला तो टकलावर. चांगला ऐसपैस. चोच पण पुसली.

अंगणातून जयवंता किंचाळली. "अवो, कावळा शिवला! डोक्याले शिवला!"

"शिवला तं शिवला. त्याचं काय लोणचं घालू?"

"अपशकुन असते तो! माणूस वाचत नाही!"

"मी वाचलो ना. बस चुकली तं मात्र सुपरवायझरच्या हातून मरीन," असं म्हणून मी कंपनीची बस पकडली अन् हिंगण्याले गेलो. दिवसभर पेट्या ठोकल्या, डबा खाल्ला, कावळा विसरून गेलो.

जयवंता विसरली नाही. आमच्याकडे याच्यावर उतारा आहे, जुन्या माणसाइनं करून ठेवलेला. ज्याले कावळा शिवला तो मेला असा खोटा सांगावा सोयऱ्याले धाडायचा. सोयऱ्याच्या डोळ्यातून खरं पाणी निघालं का मरण फसते, त्याले वाटते आपलं काम झालं, अन् ते निघून जाते. मंग सोयऱ्याले खरं सांगायचं, तो चार शिव्या देते, चहा पिते, घरी जाते. पण रडणारा सोयराच पाहिजे. परक्याचं रडणं चालत नाही.

नीला शिलाईच्या क्लासले गेली होती, नाही तं तिनं आईले थांबवलं असतं. जयवंतानं विचार केला, सोयरा म्हणजे सख्खा भाऊ चंपत आहेच, आता ट्रक घेऊन येईल, रोजच्यासारखा फळा वाचन, रडत घरात येईल, कानात सांगून देईन. म्हणून तिनं माह्याच हातानं कापलेल्या पट्टीवर, माह्याच खडूनं लिहिलं, 'रुपराव वारले.' अन् वरून दाबली. चरबीमुळे, ती सांगते, एका बोटानं बसली.

मी पाळी करून परतलो, तं गल्लीच्या तोंडाशी ही गर्दी! बसमधून उतरलो. सारे पाठमोरे. भिंतीले हिरवे बांबू टेकवलेले, बाजूले मडकं. म्हटलं कोण गेलं बाप्पा? समोर गोपाळराव हातवारे करून माणसं लावत होते. मी विचारलं, "कोण गेलं गा?"

त्याइनं वळून पाह्यलं नाही. "रुपराव. मांगे उभे राहा, अजून आणलं नाही त्याले. धंतोलीच्या दवाखान्यात आहे म्हणतात."

गोपाळराव पुढे बोलतच होते, "माणूस चांगला होता. पण हट्टी. कुलूप लाव म्हटलं, ऐकलं नाही. माप देऊ नको म्हटलं, ऐकलं नाही. चौथी नापास माणसाले सल्ला देणं म्हणजे…"

बाजूचा एक जण म्हणे, "त्याइची शिडी आता कोण घेणार?" अन् रुखमाबाई पदराले नाक पुसत म्हणे, "आताच कसं विचारू, पण माही परात याच घरात असंन असं मले पहिल्यापासून वाटे."

मरणाचं मले काही वाटलं नाही. पण परात? चिता पेटायच्या आधी मले परातचोर ठरवलं! मी गोपाळरावच्या खांद्यावर हात ठेवला. "आणलं गा मले."

त्याइनं वळून पाह्यलं. मंग ते बांबूवर बसले, अन् बांबू मडक्यावर बसला. बायाइनं जे किंचाळणं लावलं ते गोडाऊनपर्यंत गेलं. मी गर्दी फाडून घरात शिरलो. आत जयवंताले चार बायाइनं घट्ट धरून ठेवलं होतं. ती बिचारी सकाळपासून ओरडून राहिली होती, "ते जिवंत आहेत वं, कामावर गेले आहेत!" अन् ती असं म्हटली का चारही जणी आणखी रडत, "मनाले मानत नाही वं बिचारीच्या!" फळ्यावर आलं होतं ना. शेंदराच्या फळ्यापुढे बायकोचं कोण ऐकते?

"ती पट्टी काढली काहून नाही?" मी म्हटलं.

"मेल्या माणसाच्या पट्टीवर कोण पट्टी घालते? कोणी हातच लावू देईना!"

हे खरं होतं. एकदा दाबलेली पट्टी वापस काढाची सोयच मी ठेवली नव्हती. वरून नवीन घाला, तेव्हाच जुनी खाली जाईल. मी केलेल्या यंत्रात मीच अटकलो.

"अन् चंपत कुठी आहे? त्याच्यासाठीच लिहिलं ना?"

जयवंतानं डोळे खाली घातले. "त्यानं ट्रकमधूनच वाचलं. छाती बडवली, अन् उतरलाच नाही. म्हणे, सोयऱ्याइले घेऊन येतो. अन् तसाच सुसाट गेला."

"कोणत्या बाजूनं?"

दारात नीला उभी होती, हातात खराटा. तीच बोलली, हळूच. "कोंढाळीच्या."

कावळ्यानं नव्हता नेला तो माहा जीव आता गेला. महादेवराव आधीच विचार करणारा माणूस. त्याले आता वाटणार बाप मेलेल्या घरची पोट्टी. अन् खरं समजलं का वाटणार खोटारड्या घरची पोट्टी. दोन्हीकडून साखरपुडा गेला, पोट्टीचं साक्षगंध गेलं. नीलानं खराटा भिंतीले टेकवून ठेवला. मले त्या टेकवलेल्या खराट्याकडे पाहवेना.

तेवढ्यात भोंगा. चंपतरावचा ट्रक! गोपाळराव बाहेरच्याइले चूप राहाले सांगून कपडे झटकत आत घुसले अन् मले पडद्यामांगे ढकललं, "लप आधी! तुले पाहून सोयरा दचकला अन् त्याचं काही झालं तं बांबू आहेतच बाहेर!"

पडद्याच्या भोकातून पाह्यलं. महादेवराव मिशा ओल्या करून उतरले. त्याइची बायको पंचफुला रोडपासूनच हंबरडा फोडत आली. श्रीधर मास्तरचे डोळे लाल. महादेवरावनं गोपाळरावच्या गळ्यात पडून अशी बोंब मारली, "देवमाणूस होता हो! मले वाटे, लगेच होकार देला तं आपलं वजन राहत नाही. मोठेपणासाठी लटकवून ठेवलं मी त्याले! घरात पोट्टी केव्हाचीच पसंत होती. आता कोणाले सांगू?"

पडद्यामांगे माह्याच डोळ्यातून पाणी आलं. इतकं चांगलं माह्याबद्दल कोणी मी जिवंत असताना बोललं नव्हतं.

जयवंता पुढे झाली. महादेवरावच्या तोंडाजवळ तोंड नेऊन नीट पाह्यलं. "भाऊ, खरं पाणी आलं ना डोळ्यातून?"

"आलं वं बाई, थांबत नाही!"

"मंग झालं. या वो तुम्ही बाहेर."

मी आलो. हात जोडून उभा राह्यलो. बाहेर कावळा ओरडला. महादेवरावच्या मिशा पहिले खाली होत्या, मंग हळूहळू वर गेल्या. "खोटं? शेंदराच्या फळ्यावर खोटं? बगीचा सोडून आलो मी! श्रीधर, चाल. या घरचं पाणी नको!"

श्रीधर जागचा हालला नाही. नीलाकडे पाहून राहिला होता. महादेवरावनं टोपी उचलली अन् दाराकडे वळले.

"थांबा," पंचफुला म्हणे. तिनं पदरानं डोळे पुसले अन् जयवंताले विचारलं, "कावळा होता का वं?"

"होता ना बाई. टकलावर."

"मंग खोटं कुठलं? उताराच आहे तो. माह्या माहेरी बाबाले शिवला होता, तवा असंच केलं." ती नवऱ्याकडे वळली. "अवो, उतारा कोणाच्या रडण्यानं लागते?"

"सोयऱ्याच्या," महादेवराव पुटपुटले.

"तुम्ही रडले का नाही?"

"रडलो."

"तं तुम्ही सोयरे असान तं हा माणूस वाचला. अन् आता नाही म्हणून निघून गेले, तं तुमचं रडणं परक्याचं झालं. मंग यांचं काय होणार?"

साऱ्याइनं माह्याकडे पाह्यलं. इतक्या कळकळीनं पाह्यलं का मलेच दम लागल्यासारखा झाला. मी खाटेचा आधार घेतला. नाटक नव्हतं ते, खरंच घेतला. महादेवराव माह्याकडे पाहत राह्यले, बाहेरच्या बांबूकडे पाह्यलं, पुन्हा माह्याकडे पाह्यलं. मंग टोपी खाली ठेवली अन् खाटेवर बसले.

"साखर जास्त टाका चहात," ते म्हणे. "रडून-रडून तोंड खारट झालं."

नीलानं चहा ठेवाले म्हणून जी धूम ठोकली, ती जाता-जाता खराट्याले अडखळली.

चहा झाला. महादेवरावनं स्वतः पिप्यातली पट्टी घेतली, पुसली अन् लिहिलं, 'साक्षगंध रविवारी. साऱ्याइनं यावं.' मेल्याच्या पट्टीवर शुभाची पट्टी सोयऱ्यानंच घातली म्हटल्यावर लोकाइचे हात मोकळे झाले. पण माहं मरण अजून मधातच होतं. त्याले खाली ढकलाले वरून पट्ट्या पाहिजेत, म्हणून सारी गल्ली रांगेत उभी राह्यली अन् सुचलं ते लिहू लागली. 'नळ उद्या सकाळी.' 'ट्रकमध्ये जागा आहे, चंपत.' श्रीधरनं सुंदर अक्षरात लिहिलं, 'चहा छान होता.' गोपाळरावनं लिहिलं, 'चरबीचा सल्ला माझा नव्हता.' मी एक-एक घर खाली सरकत गेलो. शेवटची पट्टी रुखमाबाईची होती. 'परात माह्याच घरी, पलंगाखाली सापडली.' तिनं दाबली, अन् 'रुपराव वारले' खिट्टीवरून सुटलं.

ठण्ण!

काय गोड आवाज होता तो. देवळातली घंटा त्याच्यापुढे काहीच नाही. मी ती पट्टी पिप्यातून उचलली, ओल्या फडक्यानं दोनदा पुसली, अन् वापस पिप्यात टाकली.

नीला आता कोंढाळीले तिच्या घरी सुखात आहे. फळा अजून तिथेच आहे. गोपाळराव अजून म्हणतात कुलूप लाव. ते मी लावलं नाही, लावणारही नाही. फक्त टोपी घातल्याशिवाय शिडी चढत नाही.